बुऱ्हाणपूरची मोगल छावणी आणि दारूचे व्यसन

मोगल राजघराण्यातील दारूच्या व्यसनाची सर्वांत बोलकी प्रकरणे तापीकाठच्या बुऱ्हाणपुराशी जोडलेली आहेत. अकबराचा धाकटा मुलगा दानियाल १६०५ साली याच शहरात दारूपायी मेला. त्याचा मेहुणा आणि खानखाना अब्दुर्रहीमचा मुलगा शाहनवाज खान १६१९ मध्ये त्याच वाटेने गेला. त्याची कबर बुऱ्हाणपुरात उतावळी नदीकाठी आहे. पुढे १६२६ मध्ये जहांगीरचा मुलगा परवेझ याचाही येथेच अंत झाला. तिघांपैकी एकानेही चाळिशी पाहिली नाही. तिघेही दख्खनच्या मोहिमेवर नेमलेले होते आणि तिघांनाही सावध करणारी माणसे भोवती होती.

या मृत्यूंची माहिती मुख्यतः दरबारी इतिहासातून आणि खुद्द जहांगीरच्या आत्मवृत्तातून मिळते. जहांगीर स्वतः दारू आणि अफू यांत बुडालेला माणूस होता आणि त्याने ते लपवले नाही. पेल्यांची संख्या, अफूचे वजन, हातांचा कंप, हकिमाचा इशारा हे सारे त्याने लिहून ठेवले. व्यसनी माणसाने स्वतःविषयी इतक्या नेमकेपणाने लिहिलेली चारशे वर्षांपूर्वीची नोंद जगात दुर्मिळ आहे. आजचे मानसशास्त्र ज्यांना व्यसनाचे जोखमीचे घटक म्हणते ते जवळजवळ सगळे या नोंदींत दिसतात, म्हणून बुऱ्हाणपूरचा हा इतिहास त्या अंगाने वाचण्यासारखा आहे.

मोगल आले तेव्हा शहर दोनशे वर्षांचे होते. खानदेशच्या फारुकी घराण्यातील नसीरखानाने इ.स. १४०० च्या सुमारास ते वसवले आणि सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती आला, फारुकी राज्य संपले आणि खानदेशचा कारभार दानियालकडे गेला. त्याच्या नावावरून सुभ्याचे नाव काही काळ दानदेश असे ठेवण्यात आले. तेव्हापासून बुऱ्हाणपूर हे दख्खनमधील मोगल फौजेचे मुख्य ठाणे झाले. सुरतेहून आग्र्याकडे जाणारी मोठी वाट येथूनच जाई. बंदरात उतरलेला माल, त्यात विलायती आणि इराणी दारूही, तापीच्या खोऱ्यातून वर येई. सातपुड्यात मोहाची झाडे मुबलक. दारूची वाण पडावी असा हा मुलूखच नव्हता.

छावणीतले जगणे कसे होते हेही पाहिले पाहिजे. अहमदनगरची निजामशाही सावरणारा मलिक अंबर मोकळ्या मैदानावर लढाई देत नसे. तो रसद तोडी, पिछाडीवर छापे घाली आणि निघून जाई. त्यामुळे मोहिमा वर्षानुवर्षे रेंगाळत. पावसाळ्यात नद्या फुगल्या की महिनोन्‌महिने हालचाल बंद. शाहजादा नावाने सेनापती असला तरी प्रत्यक्ष निर्णय खानखाना, महाबत खान यांच्यासारख्या मुरलेल्या सरदारांच्या हाती असे, आणि त्या सरदारांचे आपसांत जमत नसे. दिल्ली-आग्र्याच्या तख्तापासून दूर, बापाच्या नजरेत उतरण्याची धास्ती घेऊन, हाती खरे काम नसताना वेळ काढायचा, असे हे जिणे होते. त्यातच दरबारी मजलिशीत पेला हा मानाचा भाग होता. धन्याने पुढे केलेला पेला नाकारणे म्हणजे त्याचा मान न राखणे.

या मालिकेची सुरुवात बुऱ्हाणपूरच्या दक्षिणेला झाली. अकबराचा मधला मुलगा मुराद दख्खनच्या पहिल्या मोहिमेचा प्रमुख होता. त्याचे आणि खानखानाचे पटले नाही आणि मोहीम रखडली. दारू आधीपासून होतीच. छोटा मुलगा रुस्तम वारला तेव्हा मुरादने स्वतःला पुरते दारूच्या हवाली केले, असे अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याच्या लिखाणावरून कळते. त्याला झटके येऊ लागले. १५९९ च्या मे महिन्यात जालन्याच्या परिसरात, पूर्णा नदीकाठच्या मुक्कामी तो मेला. तेव्हा तिशीही पुरी झाली नव्हती. दरबारी लेखक त्या झटक्यांना अपस्मार म्हणतात. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याची दारू थांबली किंवा एकदम कमी झाली की असेच झटके येतात, हे आज वैद्यकाला ठाऊक आहे. मुरादच्या बाबतीत नेमके काय झाले ते इतक्या अंतरावरून ठरवता येणार नाही, पण शोकानंतर व्यसन झपाट्याने वाढते हा अनुभव मात्र आजही प्रत्येक उपचार केंद्रात येतो.

दानियालची कहाणी सर्वांत सविस्तर आहे. जहांगीरने धाकट्या भावाचे जे वर्णन केले आहे त्यात जिव्हाळा आहे. दानियाल देखणा होता, हत्ती-घोड्यांचा शौकीन होता, गाण्याचा नादी होता आणि हिंदवीत स्वतः कविता करी. तापीपलीकडे जैनाबादेत असलेली आहूखान्याची बाग परंपरेने त्याच्याच नावाशी जोडली जाते. अकबराला त्याच्या पिण्याची बातमी सतत मिळत होती. बादशहाने फर्मानांमागून फर्माने पाठवली. त्याला आग्र्याला बोलावले; तो गेला नाही. अब्दुर्रहीम हा त्याचा अतालिक, म्हणजे पालक-शिक्षक, आणि सासराही होता. त्याची मुलगी जाना बेगम दानियालला दिली होती. बादशहाने त्यालाच दोष दिला. शेवटी खानखानाने शाहजाद्याभोवती पहारा बसवला आणि दारू आत येण्याचे सगळे मार्ग बंद केले.

मार्ग बंद झाल्यावर दानियाल रडू लागला. तो नोकरांच्या विनवण्या करू लागला की कशीही करून दारू आणा. मुर्शिदकुली नावाचा एक बंदूकची त्याच्या खास सेवेत होता. दानियालची एक लाडकी बंदूक होती. जिची गोळी लागली तो थेट जनाज्यावर, अशा अर्थाचे नाव त्याने तिला दिले होते. तिच्याच नळीत दारू भरून आण, असे त्याने मुर्शिदकुलीला सांगितले. बक्षिसाच्या आशेने त्याने दुबार गाळलेली कडक दारू त्या नळीत भरली. नळीत जळक्या बारुदाची काजळी आणि लोखंडाचा गंज साचलेला होता. तो दारूत उतरला. ती प्यायल्यावर शाहजाद्याने अंथरूण धरले, ते पुन्हा उठला नाही. वय होते बत्तीस-तेहतीस. दारू पोचवणाऱ्यांना खानखानाने पकडले आणि ते मार खाऊन मेले.

दरबाराच्या दृष्टीने गंज आणि नोकर हेच गुन्हेगार ठरले. हे त्या काळाला सोयीचे होते, पण पुरेसे नाही. बंदुकीच्या नळीतला गंज धडधाकट तरुणाला असा मारत नाही. वर्षानुवर्षांच्या पिण्याने खंगलेले शरीर, त्यात अचानक आलेली बंदी आणि मग पुन्हा एकदम कडक दारू, हे तिन्ही मिळून घातक ठरले असण्याचा संभव अधिक. दारूवर शरीर अवलंबून झालेल्या माणसाची दारू एका दिवसात तोडली तर पहिल्या दिवसापासूनच हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भास, भ्रम आणि ताप यांची अवस्था येते, तिच्यात पूर्वी अनेक जण दगावत. आज अशा रुग्णाला दवाखान्यात ठेवून मेंदू शांत करणारी औषधे ठरावीक मात्रेत देतात, ब-१ जीवनसत्त्व देतात आणि मग औषध उतरवत नेतात. खानखानाच्या पहाऱ्यात यातले काहीच नव्हते. प्रेमाने आणि धाकाने लावलेला तो पहारा होता; व्यसन म्हणजे मनाचा हट्ट, हट्ट मोडला की माणूस सुटला, अशी त्यामागची समजूत होती.

दानियालच्या रडण्यात व्यसनाचा गाभा दिसतो. त्याला दारूतून आता आनंद मिळत होता असे मानायला आधार नाही. मिळत होती ती फक्त तलफ भागल्याची सुटका. १९९३ साली टेरी रॉबिन्सन आणि केंट बेरिज या अमेरिकी संशोधकांनी असा सिद्धान्त मांडला की एखादी गोष्ट आवडणे आणि तिची ओढ वाटणे या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. नशेच्या पदार्थाने ओढीची यंत्रणा अतिसंवेदनशील होते. आवड ओसरते, ओढ वाढत जाते. दारूची बाटली, पिण्याची वेळ, सोबतचे चेहरे यांच्या नुसत्या दर्शनाने ती ओढ जागी होते. लाडकी बंदूक दारूचे भांडे होऊ शकते हे सुचण्याइतके शाहजाद्याचे सारे चातुर्य त्या एका कामी लागले होते. १९७६ मध्ये ग्रिफिथ एडवर्ड्‌स आणि मिल्टन ग्रॉस यांनी दारूवरील अवलंबित्वाची जी लक्षणे एकत्र मांडली, त्यांत हेच येते: बाकी सगळे मागे पडून पिण्याला पहिले स्थान मिळणे, तोच अंमल चढायला अधिक दारू लागणे, ती न मिळाल्यास शरीराने बंड करणे आणि ते शमवायला पुन्हा पिणे.

नोकरांचा भाग वेगळा सांगितला पाहिजे. मुर्शिदकुली लोभी होता असे जहांगीर सुचवतो. पण बादशहाच्या मुलाने हुकूम केला तर साध्या बंदूकचीने नाही कसे म्हणावे? हुकूम मानला तर खानखाना मारणार, नाही मानला तर शाहजादा. व्यसनी माणसाच्या हाती सत्ता असते तेव्हा त्याच्याभोवतीचे लोक पुरवठादार होतात. घरातला कर्ता पुरुष पिणारा असेल तर बायकामुले काय काय सावरून नेतात, हे मराठी घरांना सांगावे लागत नाही.

दानियालच्या शेवटच्या वर्षातली एक घटना व्यसनांच्या इतिहासात निराळ्या कारणाने महत्त्वाची आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी त्याला द्यायचे ठरले होते. वधूला लवकर आणावे म्हणून अकबराने असद बेग या अधिकाऱ्याला विजापुरास पाठवले. १६०४ मध्ये पैठणजवळ गोदावरीकाठी लग्न लागले. वधूबरोबर आलेल्या विजापूरच्या मंडळींत इतिहासकार फिरिश्ता होता आणि तो पुढे बुऱ्हाणपूरपर्यंत गेला. असद बेगने परतताना विजापुरातून तंबाखू आणली. उत्तरेत ती तोवर त्याच्या पाहण्यात नव्हती. त्याने रत्नजडित नळीची, अकीकाच्या तोंडाची, सोन्याच्या चिलमीची सुंदर गुडगुडी तयार करवून अकबरापुढे ठेवली. अकबराने कुतूहलाने एक-दोन झुरके घेतले. हकिमाने विरोध केला: हे अजमावलेले औषध नाही, आपल्या शास्त्रात त्याचा उल्लेख नाही. असद बेगचे म्हणणे असे की प्रत्येक रीत कधीतरी नवीच असते. बादशहाने सवय लावून घेतली नाही, पण असद बेगने अमीर-उमरावांकडे तंबाखू वाटली, मागणी वाढली आणि व्यापारी ती विकू लागले. जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिचा उल्लेख करतानाच तो इराणला गेलेल्या आपल्या खान आलम या वकिलाविषयी लिहितो की त्याला घटकाभरही तंबाखूवाचून राहवत नसे. इराणच्या शाह अब्बासलाही आपल्या तंबाखूबंदीतून त्याच्यापुरती सवलत द्यावी लागली. बारा-तेरा वर्षांत नवी चैन गरज होऊन बसली होती.

दानियालनंतर दहा वर्षांनी बुऱ्हाणपुरात परवेझ होता. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेहून अजमेरकडे जाताना नोव्हेंबर १६१५ मध्ये येथे थांबला. शाहजाद्याने दरबारात त्याची भेट घेतली आणि मग खासगीत बोलावतो असे सांगून आत गेला. रोने दिलेल्या नजराण्यात दारूच्या बाटल्यांची पेटी होती. वकील वाट पाहत राहिला. शेवटी निरोप आला की शाहजादा भेटण्याच्या स्थितीत नाही. त्या बाटल्यांनी काम केले होते. परक्या दरबाराचा वकील बाहेर ताटकळत बसला आहे, हे माहीत असूनही हात आवरला नाही. नियंत्रण सुटणे म्हणतात ते हेच. अकरा वर्षांनी, ऑक्टोबर १६२६ मध्ये, परवेझ बुऱ्हाणपुरात बेशुद्ध पडला. हकिमांनी डोक्याला आणि कपाळाला डागण्या दिल्या. त्या काळच्या इतिहासकाराने त्याचा आजार अतिमद्यपानाचा ठरवला आणि मुराद व दानियाल या काकांचा दाखला दिला. म्हणजे एकाच घराण्यात हे वारंवार घडते आहे हे समकालीनांच्याही ध्यानात आले होते.

मधल्या काळात शाहनवाज खान गेला. तो खानखानाचा सर्वांत कर्तबगार मुलगा. मलिक अंबराविरुद्ध त्याने मोठा विजय मिळवला होता. पिण्याविषयी त्याला जहांगीरने स्वतः ताकीद दिली होती. दख्खनमध्ये परतल्यावर दारूने त्याला घेरले आणि १६१९ मध्ये तो मेला. वय तेहतीसच्या आसपास. बुऱ्हाणपुराला जमिनीखालच्या कुंडी भंडाऱ्याचे गोडे पाणी मिळाले ते खानखानाच्या कारकिर्दीत. त्या माणसाचा जावई आणि मुलगा दोघेही त्याच्या देखत दारूने नेले. खानखानाच्या आयुष्यातले हे दुःख त्याच्या दोह्यांच्या कीर्तीमागे झाकले जाते.

घराण्याचा वारसा मागेही जातो. बाबराने आपल्या मद्याच्या आणि माजून या नशेच्या मिठाईच्या बैठका स्वतःच लिहून ठेवल्या; १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईआधी त्याने पेले फोडून दारू सोडली. हुमायूनला अफूची सवय होती. अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम १५८५ मध्ये काबूलला दारूनेच मेला. जुळ्या भावंडांच्या आणि दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून आता असे दिसते की दारूच्या व्यसनाच्या जोखमीत निम्म्याच्या आसपास वाटा आनुवंशिकतेचा असतो. उरलेला वाटा परिस्थितीचा. व्यसनाचे एकच एक जनुक नसते. दारू किती पचते, किती लवकर चढते, स्वभाव किती उतावळा आहे, भीती-उदासी किती आहे, अशा अनेक गोष्टींतून हा वारसा उतरतो. शिवाय मुलाला बापाकडून रक्ताबरोबर घरची रीतही मिळते.

ती रीत कशी मिळते याचे उदाहरण जहांगीरनेच दिले आहे. जानेवारी १६१६ मध्ये खुर्रम, म्हणजे पुढचा शाहजहान, चोवीस वर्षांचा झाला. तोवर त्याने दारूला स्पर्श केला नव्हता. त्याच्या तुलादानाच्या दिवशी बापाने आग्रह करून त्याला पेला घ्यायला लावला; तू आता मुलाबाळांचा बाप आहेस, सणासुदीला बेताने प्यावी, असे समजावले. खूप मनधरणी केल्यावर मुलाने घेतला. ज्याचे दोन भाऊ दारूने गेले त्या बापाने हे करावे! पण जहांगीरच्या मनात पिणे आणि व्यसन यांच्यात स्पष्ट रेघ होती आणि ती आपल्याला ओळखता येते असा त्याचा विश्वास होता. १६०५ मध्ये तख्तावर येताच त्याने दारू गाळण्या-विकण्याची मनाई केली. त्याच हुकुमात आपण अठराव्या वर्षापासून पीत आहोत हेही नोंदवले.

जहांगीरची स्वतःची हकीगत याच ठिकाणी येते. लहानपणी खोकल्यावर औषध म्हणून दोन-तीनदा चाटवली, त्याव्यतिरिक्त त्याने दारू घेतली नव्हती. मग अटकेजवळ शिकारीहून दमून आला असता तोफखान्यातल्या एका उस्तादाने सुचवले की एक पेला घेतल्यास शीण जाईल. पिवळ्या गोड दारूचे दीड पेले त्याला आवडले. तेथून नऊ वर्षांत तो दुबार गाळलेल्या दारूच्या वीस पेल्यांवर पोचला: चौदा दिवसा, सहा रात्री. जेवण नाममात्र उरले. हात इतके थरथरू लागले की पेला दुसऱ्याने तोंडाशी धरावा लागे. तेव्हा हकीम हुमामने स्पष्ट सांगितले की असेच चालले तर सहा महिन्यांत उपाय उरणार नाही. जहांगीरने दारू एकदम तोडली नाही. सात वर्षांत तो वीसवरून सहा पेल्यांवर आला, कडक अर्कात सौम्य मद्य मिसळून घेऊ लागला, ठरावीक वेळीच घेऊ लागला. त्याचबरोबर फलूनिया हे अफूमिश्रित औषध सुरू झाले आणि पुढे त्याची जागा शुद्ध अफूने घेतली. सेहेचाळिसाव्या वर्षी तो दिवसा आठ आणि रात्री सहा गुंजा अफू खात होता. एक व्यसन कमी करताना दुसरे आत आले. पण तो अठ्ठावन्न वर्षे जगला. दानियालवरचा पहारा आणि जहांगीरची सात वर्षांची उतरण यांतला फरक उपचाराच्या इतिहासात ध्यानात घेण्याजोगा आहे.

खुर्रमची गोष्ट त्याहून उद्बोधक आहे. तोही त्याच रक्ताचा, त्याच छावणीत राहिलेला. १६१७ मध्ये तो मोहिमेवर बुऱ्हाणपुरात आला. पुन्हा १६२१ मध्ये आला. दुसऱ्या खेपेस वाटेत चंबळेच्या काठी त्याने खापरपणजोबा बाबराचे उदाहरण पुढे ठेवून दारू सोडली. साठा नदीत ओतला, सोन्याचांदीचे पेले फोडून गोरगरिबांत वाटले. १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरातच मुमताज महल वारली, तेव्हा शोकाने तो खचला, पण दारूकडे वळला नाही. वारसा आणि संगत सारखीच असून निकाल वेगळा का लागला? त्याने सुरुवात उशिरा केली होती, सवय पाच वर्षांचीच होती, आणि त्याच्या हाती खऱ्या अर्थाने कामगिरी होती. मुरादसारखे नावापुरते सेनापतिपद नव्हते. सुरुवातीच्या वयाचे महत्त्व अमेरिकेतील १९९७ च्या एका मोठ्या पाहणीत दिसले: चौदा वर्षांपर्यंत पिऊ लागलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात कधी ना कधी दारूच्या अधीन झाले, विशीत किंवा नंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होते. जोखमीचे घटक शक्यता वाढवतात, भवितव्य ठरवत नाहीत.

जागेचा वाटा किती, याविषयी लष्करी छावणीचाच आणखी एक दाखला आहे. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा ली रॉबिन्स यांनी १९७० च्या दशकात पाठपुरावा केला. तेथे सुमारे पाचवा हिस्सा सैनिक हेरॉइन-अफूच्या अधीन झाला होता. घरी परतल्यावर त्यांतले बहुतेक पुन्हा त्याकडे वळले नाहीत. स्वस्त माल, कंटाळा, भीती आणि सोबत्यांची रीत मागे पडली की व्यसनही अनेकांच्या बाबतीत मागे पडते. अकबर दानियालला पुन्हा पुन्हा आग्र्याला बोलवत होता, त्यामागचा अंदाज चुकीचा नव्हता.

अठराव्या शतकात बुऱ्हाणपूर निजामाकडून मराठ्यांकडे आले, शिंद्यांच्या ताब्यात राहिले आणि १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे जाऊन निमाड जिल्ह्यात सामील झाले. आता दारू, अफू, गांजा यांचा विचार अबकारी उत्पन्न म्हणून होऊ लागला. मध्य प्रांतातली गांजाची लागवड सरकारने याच निमाड जिल्ह्यातल्या खांडवा तहसिलीपुरती मर्यादित केली होती. गांजाने माणूस वेडा होतो की नाही हे ठरवण्यासाठी १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भारतीय गांजा आयोगाने अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासताना आयोगाला आढळले की वेडाचे कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द पुष्कळदा काहीही चौकशी न करता, पोलिसांच्या किंवा कारकुनाच्या सांगण्यावरून लिहिला गेला होता. बेताने सेवन करणाऱ्यांना फारशी इजा होत नाही आणि संपूर्ण बंदी घालू नये, असा निष्कर्ष आयोगाने काढला. सरकारला महसूल हवा होता हे खरे, पण नशा हे कारण की आधीच्या दुःखाचा परिणाम, हा प्रश्न आयोगाने नीट विचारला, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे.

विसाव्या शतकात शहर गिरणी आणि मागांचे झाले. ताप्ती मिल १९०६ मध्ये उभी राहिली, नंतर यंत्रमाग आले. व्यसन आता शाहजाद्यांच्या मजलिशीपुरते राहिले नव्हते. गिरणकामगारांच्या जगात ते कोणत्या रूपाने शिरले हे मुंबईच्या नोंदींवरून कळते: कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना झोपवण्यासाठी अफूची बाळगोळी देत. थकवा, भूक आणि वेळेचा जाच यांवर नशा हा सर्वांत स्वस्त तोडगा होता. जिल्ह्यातल्या कोरकू, भिल्ल, बारेला वस्त्यांत मोहाची दारू सण, लग्न आणि देवकार्याचा भाग आहे. आदिवासींना घरगुती वापरापुरती ती गाळण्याची मुभा कायद्यात आहे. तेथे पिण्याला प्रसंग आणि पंगत असते, आणि एकट्याने रोज पिण्याहून ही गोष्ट वेगळी.

मराठी समाजात व्यसनाकडे आजार म्हणून पाहण्याची दृष्टी रुजवण्यात पुण्याच्या मुक्तांगणचा वाटा मोठा आहे. गर्द म्हणजे ब्राउन शुगरच्या विळख्यावर अनिल अवचट यांनी लिहिलेल्या लेखांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत दिली आणि १९८६ मध्ये मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी हे केंद्र उभे केले. औषधांनी शरीर शांत झाल्यावर गटचर्चा, समुपदेशन, कुटुंबीयांचे सत्र आणि बाहेर पडल्यावरचा पाठपुरावा, असा तेथला क्रम आहे. घसरण झाली तरी दार बंद होत नाही, कारण पुन्हा घसरणे हा या आजाराचा भाग मानला जातो.

असद बेगच्या तंबाखूचा प्रवास मात्र सर्वांत दूरवर गेला. गुटख्याच्या पुड्या नव्वदच्या दशकात गावोगाव पोचल्या. १ एप्रिल २०१२ पासून, बुऱ्हाणपूर आज ज्या राज्यात आहे त्या मध्य प्रदेशाने देशात पहिल्यांदा गुटखाबंदी लागू केली. त्याच वर्षी जुलैत महाराष्ट्राने केली. मग पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत विकली जाऊ लागली. गिऱ्हाईक दोन्ही मिसळून खाते. जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार मध्य प्रदेशात कोणत्याही रूपात तंबाखू घेणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ३९.५ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये ३४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते ३१.४ वरून २६.६ टक्के झाले. त्याच अवधीत देशात तंबाखू सुरू करण्याचे सरासरी वय १७.९ वरून १८.९ वर्षांवर गेले.